साडेचार वर्षांची लेक घरीच शिकते : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमची ठकू (हे घरातलं नाव) साडेचार वर्षांची आहे आणि बालवाडीत जात नाही. सांगलीत आमच्या गल्लीत सकाळी आठला शाळेच्या रिक्षा येतात, पाच-सहा घरांतली मुलं गोळा करतात आणि आमच्या दारावरून पुढे जातात. तेवढ्यावरून प्रश्न सुरू होतात. भाजीवाल्या मावशी विचारतात, लग्नात पंगतीला बसलं की शेजारच्या काकू विचारतात, सिलिंडर घेऊन येणारा दादासुद्धा विचारून गेलाय. तीच उत्तरं सतराशे साठ वेळा देऊन झाली, म्हणून एकदा लिहून काढते.

शाळेत का नाही घातलं?

घातलं होतं. तीन पूर्ण झाल्यावर अडीच महिने ती जात होती. शाळा वाईट नव्हती, बाई प्रेमळ होत्या. पण एका हॉलमध्ये पस्तीस-चाळीस मुलं आणि वहीत रोज एक पान गिरवून आणायचं. तिचा हात धरून ते पान मीच गिरवत होते. वहीत 'छान' असा शेरा यायचा, तो खरं तर मला मिळत होता. श्रावणात ती तापाने आठ-दहा दिवस घरी राहिली. बरी झाल्यावर 'सोमवारपासून पाठवू' करता करता दिवाळी आली. तोवर लक्षात आलं होतं की ती घरात भरपूर शिकतेय आणि रात्री शांत झोपतेय. त्यामागे फार मोठं तत्त्वज्ञान वगैरे काही नव्हतं.

एक कबुली आधीच देते. मी मुद्रितशोधनाचं काम घरून करते, सासूबाई घरात आहेत, नवऱ्याचं दुकान हाकेच्या अंतरावर आहे. हे तिन्ही नसतं तर ठकू आज बालवाडीत असती आणि मला त्यात काही वावगंही वाटलं नसतं. जे पालक मुलांना बालवाडीत पाठवतात त्यांना कमी लेखायला हे लिहिलेलं नाही.

हे कायद्यात बसतं का? कुणी येऊन विचारणार नाही ना?

बसतं. शिक्षणहक्क कायदा २००९ सालचा, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, आणि तो ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी आहे. सहाच्या आतल्या मुलाला बालवाडीत घातलंच पाहिजे अशी सक्ती पालकांवर नाही. त्याआधीच्या वयाच्या शिक्षणाची सोय करायचा प्रयत्न सरकारने करावा असं राज्यघटनेच्या ४५ व्या कलमात आहे, म्हणजे ती जबाबदारी सरकारकडे जाते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात ३ ते ८ हा एकसलग 'पायाभूत स्तर' धरला आहे. त्यातही भर खेळावर आणि बोलण्यावर आहे, वह्या भरण्यावर नाही. आमच्याकडे आजवर चौकशीला आले ते फक्त नातेवाईक.

मग दिवसभर करता काय?

हा प्रश्न विचारणाऱ्याला वेळापत्रक हवं असतं. सुरुवातीला मीही केलं होतं. सकाळी दहा ते साडेदहा भाषा, साडेदहा ते अकरा गणित, फ्रिजवर चिकटवलेलं. तिसऱ्या दिवशी त्या कागदाची होडी झाली.

आमचा खरा वर्ग भरतो तो स्वयंपाकघरात, साधारण आठ ते साडेनऊ. ठकूचं पोळपाट-लाटणं लहान आहे, पण खेळण्यातलं नाही. लाकडाचं, पोळी खरंच लाटता येईल असं. कणकेचा एक उंडा तिचा. पहिले दोन महिने तिच्या पोळीचा नकाशा व्हायचा आणि त्यात पिठापेक्षा बोटांचे ठसे जास्त असायचे. आता ती कड दाबून पोळी फिरवते. ही फिरवायची गोष्ट मी शिकवलेली नाही, बघून उचलली. ती पोळी तव्यावर फुगली नाही की मात्र माझ्याकडे असं बघते की चूक माझीच.

थंडीत मटार आले की परात घेऊन बसायचं. शेंग शिवणीवर दाबली की टच्कन उघडते, पण नेमकी कुठे दाबायची ते सापडायला तिला आठवडा लागला. आधी दातांनी, मग नखांनी, मग अंगठ्याने. आता शेंग उघडायच्या आधीच वरून चाचपून सांगते, "सहा आहेत." उघडल्यावर पाच निघाले तर सहाव्या जागी सुकलेला बारका दाणा असतो तो दाखवते आणि म्हणते, हा बाळ होता. अंदाज करणं, मोजणं, पडताळून बघणं, सगळं त्या एका परातीत झालं. मला तर शाळेत अंदाज करायला कुणी शिकवलंच नव्हतं.

मेथी निवडणं, लसूण सोलणं (सासूबाई पाकळ्या आधी पाण्यात टाकून ठेवतात, मग सालं सुटतात), तांदळातले खडे बघणं, वाळलेले कपडे आत आणून मोज्यांच्या जोड्या लावणं, रुमालाच्या घड्या घालणं, तांब्याने तुळशीला पाणी. कपडे वाळत घालायचे चिमटे तिच्या खास आवडीचे. बोटांत ताकद यायला चिमट्यासारखं दुसरं साधन नाही आणि डझनाला चाळीस-पन्नास रुपये पडतात.

साडेदहा ते एक मी कामाला बसते, तेव्हा ती आजीची. दुपारी जेवण, गोष्ट, कधी झोप लागते कधी नाही. संध्याकाळी गल्लीत किंवा नदीवर. रात्री पुस्तक. ठरवून 'शिकवणं' म्हणता येईल असं दिवसात वीस मिनिटंही होत नाही, आणि काही दिवस तेवढंही नाही.

अक्षरं कधी सुरू केलीत?

पहिल्यांदा चुकीच्या वेळी आणि चुकीच्या पद्धतीने. चार पूर्ण झाल्या झाल्या मला घाई झाली. पाटी आणली, वर 'अ' काढून दिला आणि 'याच्यावरून दहा वेळा' असं सांगितलं. तिने दोनदा गिरवला. दुसऱ्या दिवशी पाटी सापडेना. दोन दिवस शोधाशोध झाली, शेवटी ती पिठाच्या डब्यामागे उभी करून ठेवलेली मिळाली. मी काही बोलले नाही. पाटी महिनाभर तिथेच राहू दिली.

खरी सुरुवातही योगायोगाने त्याच फडताळातून झाली. सासूबाईंनी डब्यांवर कागदाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या आहेत. ठकूला आपल्या नावातला 'ठ' ओळखता यायचा, कारण तो गोल आणि त्याला वर दांडी, लक्षात राहायला सोपा. एका सकाळी स्टुलावर उभी राहून तिने ओरडून सांगितलं की आजीच्या डब्यावर माझं अक्षर आहे. डबा पिठाचा होता. मग तिने सगळी रांग तपासली आणि अजून एक सापडला, मिठाचा. पीठ आणि मीठ. शेवट सारखा, दोन्हींना तीच दुसरी वेलांटी, फरक फक्त पहिल्या अक्षरात. 'मग हे प आणि हे म' हे तिचं तिनेच काढलं. मी इतकी वर्षं मुद्रितं तपासतेय, पीठ आणि मीठ ही इतकी चांगली जोडी आहे हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं. नंतर आम्ही चिठ्ठ्यांची अदलाबदल करायचा खेळ केला. तो एकदा चहात मीठ पडल्यावर बंद झाला.

ज्यांना क्रम हवाच आहे त्यांच्यासाठी सांगते. अ-आ-इ-ईपासून सुरू करायची गरज नाही. 'अ', 'इ', 'ई' काढायला अवघड अक्षरं आहेत. जुन्या पद्धतीत ग, म, भ, न एकत्र घेतात कारण त्यांचं वळण एकमेकांशी जुळतं. तसेच र, स, ख किंवा व, ब, क किंवा ट, ठ, ढ. एक वळण बसलं की तीन अक्षरं हाती येतात, आणि ग-म-न यांतून 'नग', 'मन', 'गगन' असे शब्दही लगेच वाचता येतात. काना आधी घ्यावा. पहिली वेलांटी मुलांना घोळात घेते, कारण ती काढायची अक्षराच्या आधी आणि बोलायची नंतर. ठकू 'कि' वाचताना अजून थबकते. जोडाक्षरांची घाई नको. 'र'ची तर इतकी रूपं आहेत (सूर्य, चक्र, राष्ट्र, कऱ्हाड) की ती पहिली-दुसरीपर्यंत सावकाश येऊ द्यावीत.

हातात पेन्सिलपेक्षा खडू बरा, आणि तोही तोडून बोटाच्या पेराएवढा केलेला. एवढासा तुकडा मुठीत धरताच येत नाही, आपोआप तीन बोटांत येतो. 'पेन्सिल अशी धर' हे वाक्य त्यामुळे मला बोलावं लागलेलं नाही. फरशीवर, अंगणात, दाराच्या मागे मोठी अक्षरं काढू द्यावीत. चार रेघांत बसणारं अक्षर नंतरचं. रांगोळीचे ठिपके जोडणं हाही उत्तम सराव आहे, फक्त फरशी पुसायची तयारी ठेवावी.

आणि आकडे?

मराठी आकडे अवघड आहेत हे आधी आपण मोठ्यांनी कबूल करावं. 'एकवीस' म्हणताना एक आधी ऐकू येतो, लिहायचा मात्र नंतर. मूल १२ लिहितं आणि आपण 'लक्ष नाही' म्हणतो. खरं तर त्याने जसं ऐकलं तसं लिहिलेलं असतं. त्यात एकोणतीस. अठ्ठावीसनंतर ठकू कित्येक दिवस 'नऊवीस, दहावीस' म्हणायची. तिचं तर्कशास्त्र बिनचूक होतं, भाषाच वाकडी गेली. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत 'पुढच्या दशकाला एक कमी' हा नियम चालतो आणि नव्व्याण्णवला तोही मोडतो. २०१९ च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'ला 'वीस एक' असं वाचायची पद्धत आली तेव्हा राज्यभर गदारोळ झाला, विधानसभेतही विषय गाजला. मला जुनी नावं जायला नकोत. पण मुलांची अडचण खोटी होती असं म्हणणाऱ्यांनी कधी चार वर्षांच्या पोराला एकोणसत्तर आणि एकोणऐंशी यातला फरक समजावून बघावा.

आम्ही दोन्ही वापरतो. आधी 'वीस आणि एक', मग 'त्यालाच एकवीस म्हणतात'.

ठकू मोठे आकडे शिकली ते मात्र कृष्णेकडून. सांगलीत पावसाळ्यात रोज सकाळी एकच चौकशी असते, आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर? इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, तेव्हा आमच्या खालच्या खोलीत कंबरभर पाणी होतं, त्यामुळे हा आकडा आमच्याकडे गमतीचा नाही. गेल्या जुलैत दाराच्या मागच्या भिंतीवर खडूने साठ पायऱ्यांची शिडी काढली. चाळिसाव्या पायरीवर पिवळी रेघ, पंचेचाळिसाव्यावर लाल. बाबा दुकानातून फोन करून आकडा सांगणार आणि ठकू निळ्या खडूने तिथवर रंगवणार. पाणी उतरलं की ओल्या फडक्याने पुसायचं. 'काल एकतीस, आज छत्तीस, म्हणजे पाच चढलं' हे तिला बोटांवर करावं लागलं, पण केलं. छत्तीसला काय म्हणतात ते आठवत नसताना छत्तीस हे एकतिसाच्या वर आणि पिवळ्या रेघेच्या चार पायऱ्या खाली आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं. माझ्या मते गणित ते, नाव नंतरचं.

इंग्रजीचं काय?

ऐकते. आत्याची मुलं बेंगळुरूहून फोनवर बोलतात, दुकानात खोक्यांवर वाचायला मिळतं. स्टेशन, चार्जर, गॅस, बस, फ्रिज हे शब्द घरात आहेतच. मुद्दाम 'रेड कलरचं ॲपल' आम्ही करत नाही. ज्याला एका भाषेत मनातलं सगळं सांगता येतं त्याला दुसरी भाषा शिकताना आधार असतो, असा माझा अनुभव आहे. मी स्वतः पाचवीत इंग्रजीचं पहिलं अक्षर काढलं आणि आज इंग्रजी मजकूर तपासूनही पैसे कमावते.

साहित्याचा खर्च किती?

पहिल्या सहा महिन्यांत मी चार हजारांच्या आसपास घालवले. लाकडी कोडी, चित्रांची कार्डं, गिरवायच्या पुसता येणाऱ्या वह्या. त्यातली कार्डं वापरात आहेत, पत्त्यांचा बंगला बांधायला. त्यानंतर खडू, कात्री, गोंद, जुनी वर्तमानपत्रं आणि पुस्तकं एवढंच. पुस्तकांवर मात्र हात आखडू नका. नगरवाचनालयाचं बालविभागाचं सभासदत्व घ्या, बऱ्याच गावांत ते महिन्याला एका वडापावच्या पैशांत होतं.

मोबाईल अजिबात देत नाही का?

देतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सूचना काढल्या. तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसात पडदा एक तासापेक्षा जास्त नको, हालचाल निदान तीन तास हवी आणि झोप दहा ते तेरा तास. आमचा हिशेब बहुतेक दिवशी अर्ध्या तासात बसतो. माझी कामाची मुदत असेल त्या दिवशी दीड तास होतो. पण जेवताना नाही. ही एकच गोष्ट आम्ही तोडलेली नाही. पाहुण्यांकडे 'अहो दाखवा, खाईल तरी' म्हणतात तेव्हा ठकू दोन घास कमी खाते आणि मला बोल बसतो. बसू दे.

हे होमस्कूलिंगचं नवं फॅड आलंय का?

आमच्या मामंजींचा हा आवडता प्रश्न. उलट बंदिस्त बालवाडीच आपल्याकडे तशी अलीकडची. गिजुभाई बधेकांनी भावनगरला १९२० साली बालमंदिर काढलं, त्यांच्याबरोबर काम करायला तिकडे गेल्या त्या आपल्या ताराबाई मोडक. पुढे ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि नंतर अनुताई वाघांच्या साथीने कोसबाडच्या टेकडीवर काम उभं केलं. तिथे अडचण अशी की आदिवासी वस्तीतली पोरं शाळेत यायची नाहीत, कारण धाकट्या भावंडांना सांभाळायचं असायचं, गुरं राखायची असायची. तेव्हा बाईंनी उलटं केलं. शाळा त्यांच्या अंगणात नेली, ती अंगणवाडी. गुरांमागे कुरणात नेली, ती कुरणशाळा. साहित्य काय, तर खडे, बिया, पानं, शिंपले, माती. १९७५ मध्ये सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली आणि तिच्या केंद्रांना 'अंगणवाडी' हे नाव देशभर मिळालं. आज तो शब्द ऐकला की आपल्याला खिचडी आणि लसीकरण आठवतं. मूळ कल्पना मूल जिथे आहे तिथे शिक्षण न्यायची होती. तेव्हा मामंजी, फॅड असेल तर निदान ऐंशी वर्षांचं आहे.

इतर मुलांत मिसळणार कशी?

हा प्रश्न मी हसण्यावारी नेत नाही. पहिल्या वर्षी आमची हीच बाजू लंगडी पडली. सकाळी गल्लीत मुलंच नसतात. ठकूला मोठ्यांची इतकी सवय झाली की बरोबरीच्या मुलाने हातातलं ओढून घेतलं तर ती भांडायची नाही, माझ्याकडे बघून 'याला सांग ना' म्हणायची. वाटून घेणं, हरणं, रुसणं, परत जाणं हे आजीबरोबर शिकता येत नाही. आजी मुद्दाम हरते.

म्हणून आता आठवड्यातून तीन दिवस ती जवळच्या अंगणवाडीत दोन तास जाते. ताईंनी आढेवेढे घेतले नाहीत. संध्याकाळी सहाला रिक्षावाली मुलं घरी आलेली असतात. मग भातुकली, लंगडी, चिखलाचे लाडू. भांडण झालं तरी रक्त येईपर्यंत मी मध्ये पडायचं नाही असं ठरवलंय. जमतं असं नाही.

सासूबाईंचं आणि तुमचं शिकवण्यावरून वाजत नाही का?

वाजतं. त्या म्हणतात, पाढे पाठ हवेत. मी म्हणते, आधी समजू दे. त्या दिवेलागणीला देवापुढे बसवून शुभंकरोतीनंतर दोनाचा पाढा म्हणून घेतात आणि ठकू तो गाण्यासारखा म्हणते. अर्थ कळत नाही, पण चाल लागली आहे. मी सहा महिने कुरकुरले. मग एकदा ठकूने मोज्यांच्या जोड्या लावताना 'बे दुणे चार' म्हटलं आणि थांबून मोजे मोजले. चारच निघाले. त्या संध्याकाळी सासूबाईंनी मला चहा करून दिला, एक शब्द न बोलता. त्यानंतर मी त्या विषयात तोंड घालत नाही.

गोष्टींच्या बाबतीत तर त्यांच्यापुढे माझा निभाव नाही. चिऊ-काऊची गोष्ट त्या रोज सांगतात आणि रोज त्यात एक नवी अडचण घालतात. परवा काऊचं घर वाहून गेल्यावर त्याने पूरग्रस्तांच्या यादीत नाव घातलं.

तुम्ही चिडत नाही का?

चिडते. ओरडते. एकदा पाठीत धपाटाही घातलाय आणि रात्रभर झोपले नाही. सगळ्यात अवघड वेळ दुपारी तीन ते पाच. ती कंटाळलेली, मी दमलेली, आजी आडवी. त्या वेळी काहीही शिकवायला जायचं नाही, हा आमच्याकडचा एकमेव नियम समजा. बादलीत पाणी आणि दोन मग देऊन तिला मोरीत सोडायचं. बादली लहान असावी आणि आपण दारात बसावं, पाण्यापाशी मूल एकटं ठेवू नये. अर्ध्या तासात दोघींची डोकी ताळ्यावर येतात.

घरातल्या वस्तूंनी खेळण्यात धोका नाही का?

आहे. आम्हाला तो एका हरभऱ्याने शिकवला. कडधान्यं वेगळी करायचा खेळ चालू होता, चार वाट्या, चार प्रकार. मी फोन घ्यायला उठले. परत आले तर ठकू नाक चोळत होती आणि हरभरे एकाने कमी होते. तिनेच सांगितलं, "आत गेला." आपण घाबरून चिमटा घालायला जातो, तर दाणा आणखी मागे सरकतो. पाणी घालणं त्याहून वाईट, कारण कडधान्य भिजलं की फुगतं. सरळ कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी आकड्यासारख्या हत्याराने मिनिटभरात काढला. फी घेताना म्हणाले, या आठवड्यातला हा तिसरा, आधीचे दोन चिंचोके होते.

तेव्हापासून बारीक वस्तूंचा खेळ समोर बसूनच. शेंगदाणे, फुटाणे अख्खे देत नाही, कूट करून देतो. बटणासारख्या चपट्या बॅटऱ्या असलेली खेळणी घरात ठेवत नाही, कारण ती बॅटरी गिळली किंवा नाकात गेली तर थोड्या तासांत आतून भाजते. तशी शंका जरी आली तरी थेट दवाखाना गाठायचा.

बोलण्यात, ऐकण्यात काही अडचण असेल तर घरी कशी कळणार?

घरी उशिरा कळते, हे मान्य करायला हवं. आपल्या मुलाचं बोबडं आपल्याला कळतं, म्हणून आपण गाफील राहतो. सोपी कसोटी ही की, चौथ्या वर्षापर्यंत मुलाचं बोलणं बाहेरच्या माणसालाही बहुतेक सगळं समजायला हवं. तुम्हाला सतत दुभाष्याचं काम करावं लागत असेल तर आधी कान तपासून घ्या. अंगणवाडीत नाव असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा येऊन मुलांना तपासतं आणि गरज वाटली तर जिल्ह्याच्या केंद्राकडे पाठवतं. हा कार्यक्रम २०१३ पासून आहे आणि फुकट आहे. घरी शिकवणाऱ्यांनीही मुलाचं नाव अंगणवाडीत घालावं ते मुख्यतः यासाठी.

पहिलीला प्रवेश मिळेल का? मागे पडली तर?

महाराष्ट्रात पहिलीसाठी त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण लागतात. जन्मदाखला आणि आधार तयार ठेवा. शिक्षणहक्क कायद्याच्या १३ व्या कलमाने प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी परीक्षा घ्यायला बंदी आहे. तरी एका शाळेत आम्हाला सांगितलं की 'केजी न झालेलं मूल आम्ही घेत नाही, आमच्या मुलांना वाक्यं लिहिता येतात'. आम्ही नमस्कार करून बाहेर पडलो. जिल्हा परिषदेच्या शाळेतले गुरुजी म्हणाले, "स्वतःचं नाव सांगते का? शी-शू सांगते का? डबा उघडते का? मग द्या पाठवून." बहुधा तिथेच जाईल.

आमच्याकडे अंगण नाही, आजी नाही, नदी नाही. आम्ही काय करायचं?

ठाण्यात तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या माझ्या बहिणीचा हाच प्रश्न. तिचा मुलगा दिवसभर पाळणाघरात असतो. तिने काय केलं, तर लिफ्ट सोडून जिना धरला. रोज येता-जाता पायऱ्या मोजायच्या, दारावरच्या पाट्यांवरची अक्षरं ओळखायची. रात्री कुकर लावताना तांदूळ त्याने मोजून घ्यायचा. रविवारी मंडईत त्याच्या हातात दहाची नोट, कोथिंबीर त्याने घ्यायची. पाऊण तासाचा हिशेब आहे सगळा.

ठकूला विचारलंत का, तिला शाळेत जायचंय का?

विचारलं. म्हणाली, हो, पण फक्त डबा खायला. मग एक स्टीलचा डबा आणि पाण्याची बाटली आणली. रोज दहा वाजता ती जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून डबा खाते. पोळी-भाजीच लागते. पोहे दिले तर परत आणते. शाळेत पोहे चालत नाहीत म्हणे.